नागीण निघाली? तोंड-शेपूट बघू नका, तास मोजा

मागच्या मे महिन्यात चोपड्याकडचे एक केळीवाले शेतकरी माझ्या मेडिकलवर आले. "भाऊ, बरगडीखाले नुसती आग व्हई ऱ्हायनी. ठणकानी गोळी दे." चार दिवसांपूर्वी घड उचलताना उसण भरली, असं ते धरून बसले होते. सदरा वर करायला लावला, तर गेरूचा जाड थर. त्याखाली लालसर कातडीवर मोत्यासारखे पाणीदार फोड, उजव्या बाजूने पट्ट्यात गेलेले आणि मणक्यापाशी येऊन थांबलेले. मानेवर आणखी दोन-तीन सुटे फोड. मी विचारलं, दुसरं कसलं औषध चालू आहे? तेव्हा कळलं, दोन वर्षांपूर्वी किडनी बदललेली.

त्यांना गोळी न देता त्याच दुपारी जळगावला धाडलं. मानेवरच्या त्या फोडांचीच मला धास्ती वाटली होती.

आपल्याकडे सगळे एकच बघतात: नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं का? जुळलं की माणूस जातो, असं म्हणतात. खरं असं आहे की लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत वर्षानुवर्षं झोपून असतो. अंगातली प्रतिकारशक्ती कमी झाली की तो एखाद्या नसेच्या वाटेने कातडीवर येतो. नसा डाव्या-उजव्या वेगळ्या, म्हणून पट्टा बहुतेक वेळा एकाच बाजूला राहतो. कॅन्सरची केमो चालू असलेले, किडनी बदललेले, एचआयव्हीचे, किंवा दमा-संधिवातासाठी बराच काळ स्टिरॉइड घेणारे, यांना धोका वेगळाच असतो. फोड पट्टा सोडून अंगभर उठू शकतात, विषाणू फुप्फुस, यकृत, मेंदूपर्यंत पोचू शकतो. घरचे इकडे तोंड-शेपटाचं अंतर मोजत बसतात.

म्हणून तास मोजा. असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर हे या विषाणूवरचं औषध फोड दिसल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर चांगलं. पण "आता तीन दिवस उलटले, काय उपयोग" म्हणून घरी बसणं ही तितकीच मोठी चूक. प्रतिकारशक्ती कमी असेल तर उशीर झाला तरी औषध द्यावंच लागतं, आणि पसरलेल्या नागिणीला दवाखान्यात भरती करून शिरेतून.

गोळ्यांचा घोळ तर रोज बघतो. नेहमीचा डोस असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. लोक शेजाऱ्याकडे उरलेली २०० ची गोळी दोनदा घेतात आणि "औषध लागू पडेना" म्हणतात. त्यात आपला उन्हाळा, ४४-४५ अंश. अंगात पाणी कमी असेल तर या औषधाचे खडे किडनीत साचू शकतात, म्हणून पाणी भरपूर प्यायचं. मात्र किडनी अधू असेल तर डोसही कमी करावा लागतो आणि पाण्याचं मापही डॉक्टरच सांगतात. अशा माणसाने वरून डायक्लोफेनॅकसारखी ठणक्याची गोळी मनाने घेऊ नये. खाजेचं स्टिरॉइड मलम फोडांवर चोळू नये. आणि घाबरून किडनीच्या किंवा संधिवाताच्या चालू गोळ्या परस्पर बंद तर मुळीच करू नयेत.

कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. नजर जाऊ शकते. घामोळ्या समजून पावडर लावत बसलेले मी पाहिले आहेत.

फोडांवर खपली धरेपर्यंत ते स्वच्छ कापडाने झाकून ठेवा. कांजिण्या न झालेल्या गरोदर बाईला, तान्ह्या बाळाला जवळ घेऊ नका. त्यांना नागीण होत नाही, कांजिण्या होतात.

नागिणीच्या लशीबद्दल फार थोडे विचारतात. शिंग्रिक्स ही लस २०२३ पासून भारतात मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नाही, म्हणून प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनाही चालते. दोन मात्रा, महाग आहे. नागीण अंगावर असताना ती घेत नाहीत. किडनी बदलायची तारीख ठरत असेल, तर त्याआधीच डॉक्टरांजवळ हा विषय काढा. आणि मेडिकलवर नुसता फोड दाखवू नका, आधी जुनी फाईल पुढे ठेवा.