कोरडवाहू हरभरा: बियाला माती नीट चिकटली पाहिजे

सोयाबीन निघाल्यावर काळ्या रानात ओल असते, बियाणंही चांगलं असतं, तरी हरभरा तुटक उगवतो. अशा वेळी तास (पेरलेली ओळ) उकरून पाहा. बरेचदा दाणा ढेकळांमधल्या पोकळीत कोरडाच सापडतो. ओलसर माती दाण्याला जितक्या जागी चिकटते, तितक्या लवकर तो पाणी पिऊन फुगतो.

मशागत वाफशावरच करा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी असताना. पेरणीच्या खोलीवरची मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून भुसभुशीत झाला तर वाफसा आहे. नुसता चेपला तर थांबा. गोळाच होत नसेल तर त्या थरात ओल उरलेली नाही. खोल नांगरट नको. ओल उडते आणि मोठी ढेकळं वर येतात. वखराच्या एक-दोन पाळ्या पुरतात. बियाजवळची माती दाण्याएवढी किंवा त्याहून बारीक हवी, वर सुपारीएवढे खडे राहिले तर चालतील. रोटाव्हेटरने सगळं पीठ करू नका, कारण पावसाच्या एका सरीनंतर त्याचा कडक पापुद्रा धरतो.

सर्वांत मोठं नुकसान ओल्या रानात घाईने पेरल्याने होतं. फणाच्या दाबाने काकरीच्या (फणाने पडलेल्या चरीच्या) दोन्ही भिंती लिंपल्यासारख्या चकचकीत होतात. काळी माती वाळताना आकसते, काकरी उघडी पडते आणि बी हवेवर येतं. फणामागची काकर चकाकताना दिसली की पेरणी तिथेच थांबवावी.

कोरडवाहूत बी सुमारे 10 सें.मी. खोल, ओलीत पडू द्या. बागायतीत 5 सें.मी. पुरे. हरभऱ्याच्या डाळिंब्या (दाण्याची दोन दलं) जमिनीतच राहतात, म्हणून त्याला ही खोली झेपते. सोयाबीनला डाळिंब्या वर काढाव्या लागतात, त्याला झेपत नाही. पेरणीमागे लगेच हलकी फळी फिरवा. बरेच जण ही पाळी वाचवतात, पण बियावरची पोकळी तिनेच बुजते. माती फळीला चिकटू लागली तर मात्र थांबा.

पाच-सहा दिवसांनी चार-पाच ठिकाणी उकरा. दाणा होता तसाच असेल तर त्याला ओल पोचलेली नाही. तुषार संच असल्यास हलकं पाणी द्या. मऊ पडून कुजला असेल तर पाणी जास्त, हवा कमी झाली. कोंब पापुद्र्याखाली वाकला असेल तर दाताळ्याने वरचा थर अलगद फोडा, कोंबाला धक्का न लावता.