चादर ‘अ‍ॅज अ मेमरी’ देता येत नाही

मी स्टाफ नर्स आहे. बारावीपर्यंतचं शिक्षण सोलापुरात, मराठी माध्यमात झालं. परदेशी नोकरीसाठी आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायचं ठरवलं तेव्हा भीती ग्रामरची होती. अडकले मात्र भलतीकडेच. शब्द येत होते, पण कुठला शब्द कुणाशेजारी बसतो ते माहीत नव्हतं.

पहिल्या वेळी स्पीकिंगला, म्हणजे बोलण्याच्या भागात, कार्ड आलं, लहानपणीची एक आनंदाची आठवण सांगा. तयारीला एक मिनिट, मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. म्हटलं, सोपं आहे, गड्ड्याची जत्रा सांगू. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं उंचच उंच नंदीध्वज तोलत निघालेली आणि अप्पांच्या खांद्यावर मी. सगळं डोळ्यांसमोर होतं. तोंडातून निघालं, ‘आय हॅव अ बिग मेमरी ऑफ दॅट फेअर.’ मग ‘गुड मेमरी’, मग ‘नाइस मेमरी’, मग पुन्हा ‘गुड’. बिग मेमरी मोबाइलची असते, हे बाहेर आल्यावर मैत्रिणीनं सांगितलं. आणि ‘शी हॅज अ गुड मेमरी’ म्हणजे तिची स्मरणशक्ती चांगली. आठवणीबद्दल बोलतानाही ‘गुड’ चालतो, पण दोन मिनिटांत तीनदा म्हटला की परीक्षकाला कळतं, हिच्याकडे दुसरा शब्द नाही. स्पीकिंगचे गुण चार गोष्टींवर सारखे वाटलेले असतात आणि त्यातली एक शब्दसंपत्ती.

खरं तर आपल्याकडे याला नेमके शब्द आहेत. लख्ख आठवतं, पुसट आठवतं. लख्ख असेल तिथं ‘अ व्हिव्हिड मेमरी’ किंवा ‘आय डिस्टिंक्टली रिमेंबर’. पुसट असेल तिथं ‘आय व्हेगली रिमेंबर’. गोड आठवणींना ‘फाँड मेमरीज ऑफ’, आणि हा जवळजवळ नेहमी अनेकवचनात. वासानं, गाण्यानं काही आठवलं तर ‘इट ब्रिंग्ज बॅक मेमरीज’. शेंगा भाजल्याचा वास आला की मला आजीचं उखळ आठवतं, त्यातली चटणी कुटायचा आवाजही. ही जोडी मी त्या वासाला बांधून टाकली, म्हणून ती सुटत नाही. वहीत उतरवलेल्या साठ जोड्यांपैकी परीक्षेत आठवल्या त्या अशाच, कशाला तरी बांधलेल्या.

सगळा घोळ ‘आठवण’ या शब्दाचा आहे. मराठीत तो एकटा चार माणसांचं काम करतो. ‘तुझी आठवण येते’ म्हणजे ‘आय मिस यू’, इथं मेमरीचा संबंधच नाही. ‘आठवण कर’ म्हणजे ‘रिमाइंड मी’. ‘रिमाइंड’ला कुणाला ते सांगावं लागतं. ‘धिस रिमाइंड्स मी ऑफ माय ग्रँडमदर’ यातला ‘मी’ आपण हमखास खातो. ‘इट रिमेंबर्स मी’ तर मुळीच नको, रिमेंबर करतो तो माणूस, वस्तू नाही. आणि चौथं काम म्हणजे ‘आठवण म्हणून’. आमच्या वॉर्डातले एक तमिळ डॉक्टर बदलून चालले होते. आम्ही सगळ्यांनी मिळून सोलापुरी चादर घेतली आणि द्यायला मला पुढं केलं. मी ऐटीत म्हटलं, ‘सर, अ‍ॅज अ मेमरी.’ ते हसले आणि म्हणाले, ‘अ‍ॅज अ कीपसेक.’ तेव्हा कान तापले होते. पण त्या दिवसापासून ‘कीपसेक’ पक्का झाला. प्रवासातून आणलेली वस्तू असेल तर ‘सोव्हेनिअर’ म्हणा.

‘इन मेमरी ऑफ’ मात्र गेलेल्या माणसांसाठी. रोज सोलापुरातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जाताना मी मनात वाक्य जुळवायची, की हे पुतळे ‘इन मेमरी ऑफ द फोर मार्टर्स’ उभे आहेत, ज्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. याच घराण्यातला ‘इन लिव्हिंग मेमरी’, म्हणजे आज हयात असलेल्या कुणालाही आठवतं तितक्या काळात. १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ आता त्याच्या बाहेर गेल्यातच जमा. ‘द हॉटेस्ट समर इन लिव्हिंग मेमरी’ म्हणायला मात्र सोलापूरकराला दर मे महिन्यात संधी असते.

नर्सिंगवाल्यांनी पुढचं जरा नीट वाचा. ‘आय रिमेंबर्ड टु गिव्ह द इंजेक्शन’ म्हणजे द्यायचं लक्षात राहिलं आणि दिलं. ‘आय रिमेंबर गिव्हिंग द इंजेक्शन’ म्हणजे दिल्याचं आता आठवतंय. ड्यूटी बदलताना हॅन्डओव्हर घेणाऱ्या समोरचीला दोन्ही सारखंच वाटेल असं समजू नका. (चार्टवर सही नसेल तर दुसरं वाक्य तसंही कुणी ऐकून घेत नाही.) ‘इट स्लिप्ड माय माइंड’, म्हणजे आपलं ‘डोक्यातूनच गेलं’, हे फोन करायचा राहिला तर ठीक. डोस राहिला तर हे वाक्य वापरू नका, फार सैल वाटतं.

पेशंटचे नातेवाईक सांगतात, यांना काही आठवत नाही. मी त्याचं ‘ही हॅज नो मेमरी’ करायची. ‘ही हॅज ट्रबल रिमेंबरिंग थिंग्ज’ किंवा ‘मेमरी लॉस’ म्हणावं. सकाळी काय खाल्लं ते गेलं, पण गिरणीचा भोंगा किती वाजता व्हायचा ते बिनचूक सांगणारे आजोबा आमच्या वॉर्डात कितीतरी येतात. अशा वेळी डॉक्टर लिहितात ती ‘रीसेंट मेमरी’ कमी आणि ‘रिमोट मेमरी’ शाबूत. आजोबांना एखादी खूण देऊन आठवायला लावणं म्हणजे ‘टु जॉग हिज मेमरी’. आणि आधी माहीत असलेलंच स्वतःला पुन्हा सांगायला लावायचं असेल तर ‘कुड यू रिफ्रेश माय मेमरी?’ मुलाखतीत हे नम्र वाटतं.

‘बायहार्ट केलं’ हे आपलं लाडकं क्रियापद. इथं चालतं, पण बाहेर ‘आय लर्न्ट इट बाय हार्ट’ किंवा सरळ ‘मेमराइज्ड’ म्हणा. ‘इफ माय मेमरी सर्व्ह्‌ज मी राइट’ क्लासमध्ये सगळ्यांना फार आवडतं, कारण लांब आहे. स्वतःचं पासिंगचं वर्ष सांगताना ते वापरलं तर परीक्षक काय समजेल याचा विचार करा. ‘डाउन मेमरी लेन’ मी वापरत नाही, सेंड-ऑफच्या बॅनरवर फार वेळा वाचलंय.

दुसऱ्या वेळी हवा तो बँड, म्हणजे हवे तेवढे गुण, मिळाला. त्या परीक्षेला हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला निघाले होते. स्टेशनवर पर्स उघडली तर पासपोर्ट नाही, आणि त्याच्याशिवाय आत घेत नाहीत. भावाला फोन करून झाल्यावर घाबरून मैत्रिणीला लावला. म्हटलं, ‘आय फर्गॉट माय पासपोर्ट अ‍ॅट होम!’ आम्ही परीक्षेपर्यंत इंग्रजीतच बोलायचं ठरवलं होतं. ती शांतपणे म्हणाली, ‘जागा सांगायची असेल तर लेफ्ट म्हण. आय लेफ्ट माय पासपोर्ट अ‍ॅट होम.’ मी फोन आपटला. तेवढ्यात भाऊ जिन्यावरून धावत आला, एका पायात चप्पल, दुसरी हातात. ‘आक्का, टीव्हीवर ठेवलेलास की!’