एक्सकोडच्या बिल्डमध्ये स्वतःची स्क्रिप्ट कशी जोडावी

स्विफ्टलिंट (स्विफ्ट कोडची शैली तपासणारं साधन) हाताने चालवायचं ठरवलं, तर चार दिवसांत विसर पडतो. असली कामं बिल्डलाच, म्हणजे कोडपासून अ‍ॅप तयार होण्याच्या प्रक्रियेलाच, बांधून टाकावीत.

एक्सकोड या अ‍ॅपलच्या अ‍ॅप बनवण्याच्या साधनात, प्रोजेक्टमध्ये टार्गेट (जे अ‍ॅप बनवायचं ते) निवडा, ‘बिल्ड फेजेस’ टॅब उघडा आणि वरच्या अधिकच्या चिन्हातून ‘न्यू रन स्क्रिप्ट फेज’ घ्या. या टप्प्याला लगेच नाव द्या. तीन-तीन ‘रन स्क्रिप्ट’ जमले, की लॉगमध्ये कोणता फसला ते कळत नाही. नवा टप्पा यादीच्या तळाशी येतो. स्क्रिप्ट कोड तयार करणार असेल, तर टप्पा ओढून ‘कंपाइल सोर्सेस’च्या वर न्या. तयार अ‍ॅपमध्ये फेरफार करायचा असेल, तर तळाशीच बरा. कोड साइनिंग (अ‍ॅपवर डिजिटल सही) त्यानंतर होतं.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘सेट उणे ई’ (set -e, म्हणजे चूक होताच थांब) लिहा. नाहीतर शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) फक्त शेवटच्या कमांडचा निकाल कळवतो आणि मधली चूक पचून बिल्ड हिरवा दिसतो. फाइलचे पाथ (पत्ते) दुहेरी अवतरणांत ठेवा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली, की अवतरणांविना पाथ तुटतो.

टर्मिनलमध्ये चालणारी स्क्रिप्ट इथे ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणून अडते, ही नेहमीची तक्रार. डॉकमधून उघडलेला एक्सकोड तुमच्या झेडशेलच्या (टर्मिनलमधल्या शेलच्या) सेटिंग फाइल्स वाचत नाही. अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकवर होमब्रूने (साधनं इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम) बसवलेली साधनं ‘/ऑप्ट/होमब्रू/बिन’मध्ये असतात, स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ही जागा PATH या व्हेरिएबलमध्ये (कमांड कुठे शोधायच्या त्या जागांची यादी) जोडा.

आता इनपुट आणि आउटपुट फाइल्स, म्हणजे स्क्रिप्ट वाचते त्या आणि बनवते त्या फाइल्सच्या याद्या. आउटपुट दिलं नाही, तर एक्सकोड १४ पासून ‘ही स्क्रिप्ट दर बिल्डला चालेल’ अशी सूचना येते. लिंटिंगसाठी (स्विफ्टलिंटसारख्या तपासणीसाठी) तेच हवं असतं, म्हणून ‘बेस्ड ऑन डिपेंडन्सी अ‍ॅनालिसिस’ची खूण काढा. कोड तयार करणाऱ्या स्क्रिप्टला मात्र दोन्ही याद्या पूर्ण द्या. इनपुटमधली एखादी फाइल राहिली, तर ती बदलूनही स्क्रिप्ट चालत नाही, जुनाच कोड कंपाइल होतो, आणि बग शोधण्यात दुपार जाते.

एक्सकोड १५ पासून नव्या प्रोजेक्टमध्ये ‘यूजर स्क्रिप्ट सँडबॉक्सिंग’ (स्क्रिप्टला फक्त यादीतल्या फाइल्स वापरू देणारं बंधन) चालूच असतं. यादीत नसलेल्या प्रोजेक्ट फाइलला हात लावला, की ‘सँडबॉक्स… डिनाय’ अशी चूक येते. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये असेल, तर ती फाइलसुद्धा इनपुटमध्ये लागते. स्विफ्टलिंट सगळा सोर्स चाळतं, त्यामुळे तिथे बिल्ड सेटिंग्जमध्ये हे सँडबॉक्सिंग ‘नो’ करणंच सोपं.

स्क्रिप्ट फक्त आर्काइव्हच्या (वितरणासाठीच्या बिल्डच्या) वेळी चालवायची असेल, तर ‘फॉर इन्स्टॉल बिल्ड्स ओन्ली’वर खूण करा.