गिटचा पॅच तपासताना आधी विचारा, "काऊन?"

आमच्या परभणीकडं कुणी नवं काही करायला घेतलं की पहिला प्रश्न येतो, "काऊन?" म्हणजे का, कशापायी. गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याच्याच कोडमध्ये करायचा म्हणून कुणी पाठवलेला बदल, म्हणजे पॅच, तपासायला बसले की कोड उघडायच्या आधी मी कमिट मेसेजला, म्हणजे बदलासोबतच्या टिपणाला, हेच विचारते. उत्तर सापडलं नाही तर पुढं वाचत नाही, आधी तेवढंच लिहून कळवते.

नीट लिहिलेला मेसेज आधी सध्या गिट कसं वागतं ते वर्तमानकाळात सांगतो, मग त्यात कुणाची काय अडचण होते ते, आणि शेवटी उपाय. उपाय आज्ञार्थी लिहायचा ही गिटची पद्धत आहे. 'मी ही तपासणी जोडली' असं नाही, 'ही तपासणी जोड', जणू कोडलाच सांगायलोय. काय बदललं ते डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या ओळींच्या फरकात, दिसतंच. का बदललं ते मात्र मेसेजमध्ये नसेल तर कुठंच नसतं. पाच वर्षांनी कुणीतरी गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी, कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणारा आदेश) चालवून त्या ओळीपाशी येईल, तेव्हा त्याच्या हाताशी एवढाच कागद असणार.

गंगाखेडची एक विद्यार्थिनी मला म्हणाली होती, "ताई, मला सी भाषा नीट येत नाही, मी काय बघू त्यात?" तिला मी सांगितलं ते इथंही सांगते. पॅच आपल्या मशीनवर लावून, बांधून (म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करून), चालवून बघणारी माणसं कमी असतात. नुसतं वाचणारे जास्त. तू चालवून बघ.

गिटचे पॅच ईमेलने येतात. ते जतन करून 'गिट ॲम'ने लावायचे. मी त्यासाठी 'गिट वर्कट्री'ने वेगळी डिरेक्टरी काढते, म्हणजे माझं अर्धवट काम जिथल्या तिथं राहतं. मग 'मेक', म्हणजे बांधायचा आदेश. पॅचची मालिका असेल तर प्रत्येक कमिटवर बांधून बघा. तिसरा पॅच मोडका आणि चौथ्यात दुरुस्त, असं चालत नाही, कारण उद्या कुणी गिट बायसेक्टनं बग कोणत्या कमिटमध्ये आला ते शोधताना नेमका तिसऱ्यावर येऊन अडकतो. 'गिट रीबेस'ला एक्झेक पर्यायात 'मेक' दिलं की हे आपोआप होतं. सगळ्या टेस्ट चालायला वेळ लागतो. मी त्या रात्री लावून ठेवते आणि रिव्ह्यू पहाटे लिहिते. मे महिन्यात अकराच्या पुढं आमच्या पत्र्याखाली लॅपटॉपही तापतो आणि डोकंही.

आता टेस्टविषयी, आणि इथं मी जास्त बोलणार आहे.

सुरुवातीच्या काळात मी एका बगच्या दुरुस्तीला होकार दिला होता. सोबत टेस्ट होती, ती पास होत होती, मला तेवढं पुरलं. नंतर कळलं की ती टेस्ट दुरुस्ती काढून टाकली तरी पास होते. म्हणजे ती कशाचीच राखण करत नव्हती. तेव्हापासून माझा नेम असा: नुसती सीची फाइल मागच्या कमिटवरून परत आणायची, टेस्टची फाइल नवीच ठेवायची, पुन्हा 'मेक' करायचं आणि ती एकच टेस्ट चालवायची. ती पडलीच पाहिजे. पडली नाही तर पॅच कितीही देखणा असो, माझा होकार नाही.

पडली तरी ती कशामुळं पडली ते वाचा. गिटच्या टेस्ट शेल स्क्रिप्टमध्ये असतात आणि त्यांत चूक लपायच्या जागा ठरलेल्या आहेत. ओळी '&&' ने साखळीत बांधलेल्या असतात. एखादी कडी सुटली तर टेस्टची यंत्रणा बहुतेक वेळा स्वतःच ओरडते, त्याची चिंता कमी. पाइपचं, म्हणजे एका आदेशाचं आउटपुट दुसऱ्याला देणाऱ्या उभ्या रेघेचं, मात्र तसं नाही. पाइपच्या डावीकडं गिट असेल आणि ते कोसळलं, तरी निकाल उजवीकडच्या ग्रेपचा (मजकूर शोधणाऱ्या आदेशाचा) धरला जातो. गिटचं अपयश तिथं गिळलं जातं. म्हणून गिटचं आउटपुट आधी फाइलमध्ये घ्यायला सांगा आणि मग अपेक्षित फाइलशी 'टेस्ट_सीएमपी'ने ताडून बघायला सांगा. दुसरी जागा: 'हा आदेश अपयशी व्हायला हवा' हे सांगायला लोक नुसतं उद्गारचिन्ह लावतात. गिट सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीची चूक) होऊन मेलं तरी उद्गारचिन्हाला ते अपयश चालतं. 'टेस्ट_मस्ट_फेल' मात्र नीट नकार देणं आणि कोसळणं यांत फरक करतं.

मराठी माणसानं आणखी एक तपासणी करावी, कारण ती आपल्याला सहज सुचते. पॅच जर फाइलची किंवा ब्रांचची नावं छापत असेल, रकाने जुळवत असेल, तर 'नांदेड' नावाची ब्रांच, म्हणजे कामाची वेगळी शाखा, काढून बघा. या शब्दात ६ युनिकोड अक्षरचिन्हं आहेत, यूटीएफ-८ मध्ये ती १८ बाइट होतात, आणि गिटच्या हिशेबानं पडद्यावर जागा लागते ४ रकान्यांची, कारण अनुस्वार आणि 'दे'वरची मात्रा स्वतःची जागा घेत नाहीत, काना मात्र घेतो. कोड लिहिणाऱ्यानं रुंदीसाठी 'एसटीआर-लेन' हे बाइट मोजणारं फंक्शन वापरलं असेल तर त्याचा हिशेब १८ चा, आणि सगळा तक्ता वाकडा. गिटमध्ये यासाठी यूटीएफ-८ ची रुंदी मोजणारं वेगळं फंक्शन आहे, ते सुचवा. फाइलचं नाव मराठी असेल तर 'न'च्या जागी \३४०\२४४\२५० असे आकडे दिसतील. तो पॅचचा दोष नव्हे. 'कोअर.कोटपाथ' ही सेटिंग मुळात चालू असते, म्हणून तसं दिसतं.

कोडमध्ये मी आधी बाहेर पडायच्या वाटा बघते: मध्येच 'रिटर्न' असेल तर 'एसटीआर-बफ', म्हणजे मजकुरासाठी घेतलेली मेमरी, मोकळा केलाय का. माणसासाठी छापलेला मजकूर भाषांतराच्या खुणेत गुंडाळलाय का. आणि स्क्रिप्टांनी वाचायच्या आदेशांचं, म्हणजे गिट ज्यांना प्लंबिंग म्हणतं त्यांचं, आउटपुट बदललंय का. बदललं असेल तर तिथं "काऊन" पुन्हा, जोरात. टॅब आणि कंसांचे नियम कोडिंग गाइडलाइन्समध्ये आहेत, त्यांवर वेळ घालवू नका.

उत्तराच्या ईमेलमध्ये अभिप्राय ज्या ओळीबद्दल आहे तिच्या खालीच लिहा. खात्री असेल तिथं ठाम लिहा, नसेल तिथं विचारा: "इथं यादी रिकामी आली तर काय होईल?" किरकोळ सूचनेला किरकोळ म्हणा, म्हणजे नव्या माणसाला कशावर हटून बसायचं आणि काय सोडायचं ते कळतं. नुसतं 'छान आहे' लिहू नका. काय लावलं, कोणती टेस्ट चालवली, कुठला भाग बघितला नाही, ते लिहा. मी एकदा लिहिलं होतं, "पहिले दोन पॅच तपासले, तिसऱ्यातलं रेफचं (ब्रांच, टॅग अशा नावांच्या नोंदींचं) काम मला समजत नाही." तो तिसरा मग त्यातल्या जाणकारानं उचलला. आणि पॅच पाठवणारा पहिल्यांदाच आला असेल तर त्यानं जे बरोबर केलंय ते आधी सांगा. तो पुढचा पॅच घेऊन येईल की नाही हे त्या दोन ओळींवरही ठरतं.

दुसरी आवृत्ती आली की सगळं पहिल्यापासून वाचायची गरज नसते. 'गिट रेंज-डिफ' जुन्या आणि नव्या मालिकेतला फरक दाखवतं. तुमची सूचना घेतली का, आणि न सांगता आणखी काही बदललं का, दोन्ही बघा. सूचना घेतली नसेल पण कारण पटणारं असेल तर तसं लिहून मोकळं व्हा. शंका उरली नसेल तरच 'रिव्ह्यूड-बाय' म्हणून आपलं नाव द्या. २००५ च्या जुलैपासून गिट सांभाळणारे जुनिओ हमानो मालिका आधी 'सीन' या ब्रांचमध्ये, मग 'नेक्स्ट'मध्ये आणि शेवटी 'मास्टर'मध्ये घेतात. 'नेक्स्ट'मध्ये गेल्यावर एखादी चूक आठवली तर नवी आवृत्ती मागू नका, वरून दुरुस्तीचा वेगळा पॅच लागतो. म्हणून जे सांगायचं ते त्याच्या आधी सांगा.