सांगलीत बेघर निवारा तात्पुरता हलवताना महापालिकेकडून काय लिहून घ्यावं

सांगलीत निवारा हलवायची वेळ दोन कारणांनी येते. एक तर कृष्णेचं पाणी चढतं, नाहीतर इमारतच दुरुस्तीला काढावी लागते. पहिल्या वेळी हातात काही तास असतात, दुसऱ्या वेळी काही आठवडे. फसतं मात्र दोन्हीकडे एकाच ठिकाणी, सगळं तोंडी ठरतं. ‘तूर्त शाळेत न्या’ एवढा फोन येतो, माणसं जातात, चार दिवसांनी वर्ग भरायची वेळ होते आणि मुख्याध्यापक विचारतात, परवानगी कुणाची? दाखवायला कागद नसतो. मग म्हातारी, आजारी माणसं पिशव्या उचलून तिसऱ्या जागी निघतात आणि त्यातले काही वाटेतच स्टेशनकडे वळतात.

म्हणून निवारा चालवणाऱ्या संस्थेने पर्यायी जागेसाठी महापालिकेकडे अर्ज मे महिन्यात करायचा, ऊन तापलेलं असताना. पुढचं सगळं ५० जणांचा निवारा धरून लिहिलं आहे. तुमची संख्या वेगळी असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

मागणीला आधार कशाचा

पर्यायी जागा मागणं म्हणजे उपकार मागणं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांपासून शहरी बेघरांच्या निवाऱ्याची जबाबदारी शासन आणि स्थानिक संस्थांवर आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनी त्याचं माप ठरवलं: एक लाख लोकसंख्येमागे १०० जणांची सोय, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, दिवे, स्वयंपाकाची व्यवस्था, प्रथमोपचार. संस्था फक्त चालवते. इमारत राहण्याजोगी नसेल तर दुसरी जागा देणं महापालिकेचंच काम आहे. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात हे लिहा.

पुराच्या वेळी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ हाताशी ठेवा. कलम ३४ नुसार निवारा, अन्न, पिण्याचं पाणी पुरवण्याचे अधिकार जिल्हा प्राधिकरणाला आहेत. कलम ६५ खाली बचाव आणि मदतीसाठी खासगी जागा किंवा वाहन ताब्यात घेता येतं आणि कलम ६६ प्रमाणे त्याचा मोबदला मालकाला मिळतो. मंगल कार्यालयाचा मालक नकार देतो तेव्हा बोलणी संस्थेने करत बसू नये, प्रकरण तहसीलदारांकडे न्यावं. ‘निविदेशिवाय टँकर लावता येत नाही’ हे उत्तरही हमखास मिळतं. अचानक उद्भवलेल्या प्रसंगी तातडीने पावलं उचलून नंतर स्थायी समितीला कळवण्याचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७(३) ने आयुक्तांना दिला आहे, आणि तातडीच्या खरेदीसाठी आपत्ती अधिनियमाचं कलम ५० आहे. लिपिकाशी वाद घालू नका. ही कलमं अर्जात लिहून थेट उपायुक्तांना भेटा.

अर्ज आणि आदेश

अर्ज आयुक्तांच्या नावे करा. प्रती बेघर निवाऱ्याचं काम पाहणारा अभियान कक्ष, शहर अभियंता, वैद्यकीय आरोग्य अधिकारी, पाणीपुरवठा, अग्निशमन आणि नव्या जागेच्या प्रभाग समितीचे सहायक आयुक्त यांना द्या. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. सोबत रहिवाशांची संख्या जोडा: पुरुष, स्त्रिया, कुटुंबं, साठीच्या पुढचे, चालता न येणारे, नियमित औषधं चालू असलेले. नावांची यादी जोडू नका. ती टेबलाटेबलावर फिरते, आणि त्यात लोकांच्या आजारांची माहिती असते.

खरा जोर लावायचा तो आदेशाच्या मजकुरावर. ‘तात्पुरत्या स्वरूपात परवानगी देण्यात येत आहे’ एवढंच लिहिलेला आदेश घेऊन परतू नका. त्यात जागेचं नाव आणि कोणत्या खोल्या ते हवं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते हवं, आणि पाणी, वीज, कचरा, शौचालय-सफाई यांचा खर्च कोणत्या विभागाचा हेही हवं. जागेची किल्ली कोणाकडे आणि त्या अधिकाऱ्याचं पद काय, हे लिहून घ्या, कारण रात्री अकरा वाजता कुलूप उघडणारा माणूस सापडत नाही हा नेहमीचा अनुभव आहे. मूळ निवाऱ्याचा पत्ता कायम राहील, असं एक वाक्य हवंच. अनेकांच्या आधार कार्डावर आणि शिधापत्रिकेवर तोच पत्ता असतो. तो निवारा ‘बंद’ झाल्याची नोंद चुकून झाली तर माणसं पुन्हा बिनपत्त्याची होतात.

आणि परत येण्याची अट. दुरुस्तीसाठी हलत असाल तर काम संपल्यावर किती दिवसांत मूळ इमारतीचा ताबा मिळेल, ते आदेशातच हवं. हे राहिलं की रिकामी इमारत डोळ्यांत भरते आणि तिथे गोदाम किंवा कार्यालय येतं.

पुराच्या वेळची चूक वेगळी आहे, आणि तीच सगळ्यात महागात पडते. निवाऱ्यातली माणसं पूरग्रस्तांच्या छावणीत मिसळून टाकली जातात. पाणी ओसरलं की छावणी बंद होते, कुटुंबं आपापल्या घरी जातात, आणि निवाऱ्याच्या इमारतीत तर अजून गुडघाभर गाळ असतो. छावणी संपली म्हणून यांचंही जेवण-पाणी थांबतं. म्हणून आदेश स्वतंत्र मागा: ‘मूळ निवारा राहण्यायोग्य असल्याचा दाखला शहर अभियंता देईपर्यंत पर्यायी व्यवस्था चालू राहील.’ जागा छावणीचीच असली तरी हजेरी वही वेगळी ठेवा.

जागा निवडताना

जागा महापालिकेने सुचवायची वाट बघू नका. स्वतः फिरून दोन जागा पाहून ठेवा आणि अर्जात दोन्ही लिहा. चालू शाळा शक्यतो नकोच. पटसंख्येअभावी बंद पडलेली शाळा, समाजमंदिर, वापरात नसलेलं प्रभाग कार्यालय, मोठं मंगल कार्यालय हे बरे पर्याय आहेत.

माणशी ५० चौरस फुटांनी ५० जणांना २,५०० चौरस फूट लागतात. पुरात काही दिवस माणशी ३८ चौरस फुटांपर्यंत भागवता येतं, त्याखाली उतरलात की खोकला आणि खरूज पसरते. शौचालयं २० जणांमागे एक, म्हणजे तीन, त्यातलं एक स्त्रियांसाठी वेगळं आणि आतून कडी लागणारं. किमान एक कमोड हवा. नसेल तर भोक असलेली खुर्ची तरी ठेवा. स्त्रियांची खोली शौचालयाजवळ हवी आणि मधल्या वाटेवर रात्रभर दिवा. उतार (रॅम्प) किंवा दिव्यांगांसाठीचं शौचालय करायचं असेल तर महापालिकेच्या दिव्यांग कल्याणाच्या राखीव निधीतून मागा.

अंतराचा विचार फारसा कुणी करत नाही. पूर न चढणारी जागा म्हणून विश्रामबाग किंवा कुपवाड सुचवलं जातं, आणि पाण्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण निवाऱ्यातली बरीच माणसं पहाटे मार्केट यार्डात हमालीला, गणपती पेठेत, बसस्थानकावर, हॉटेलात भांडी घासायला जातात. कुपवाडहून वडापचे (माणशी भाड्याच्या खासगी गाडीचे) पैसे रोज जाता-येता भरायचे तर मजुरीतून उरत नाही. मग माणूस दोन दिवसांत नवी जागा सोडतो आणि फलाटावर झोपतो. महापालिकेकडे सकाळी साडेपाचची आणि रात्री आठची एक-एक गाडी मागा. दुरुस्तीच्या काळात, पाण्याचा प्रश्न नसताना, जुन्या जागेपासून चालत जाण्याएवढ्या अंतरातच जागा धरा.

पुराचं वेळापत्रक

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, टिळक चौक, बसस्थानकाचा परिसर पाण्यात होता. इशारा पातळी गाठायच्या आधीच सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, मगरमच्छ कॉलनी अशा सखल भागांत पाणी शिरायला लागतं. म्हणून निवारा हलवायची वेळ ४० फुटांवर ठरवू नका.

फक्त आयर्विनचा आकडा बघून चालत नाही. कोयना धरणाचा विसर्ग, कराडचा कृष्णा पूल, मग नदीकाठची बहे, ताकारी, भिलवडी असा आकडा खाली सरकत येतो. भिलवडीला पाणी भराभर चढतंय आणि वारणाही फुगली आहे, असं दिसलं की सांगलीत पुढच्या काही तासांत काय होणार ते कळतं. सखल भागातल्या निवाऱ्यासाठी असं ठरवा: आयर्विनला ३० फुटांवर औषधं, कागदपत्रं बांधून तयार, गाडी सांगितलेली. ३५ फुटांवर आजारी, वृद्ध, गरोदर आणि मुलं असलेली कुटुंबं हललेली. ३८ फुटांवर इमारत रिकामी. रात्री चढण्याची शक्यता असेल तर संध्याकाळी पाचच्या आतच निघा, आकडा काहीही असो.

नावेवर भिस्त ठेवू नका. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळजवळ पूरग्रस्तांना घेऊन जाणारी नाव उलटली आणि अनेकांचे जीव गेले. रस्ता कोरडा आहे तोवरच निघायचं.

हलवायच्या दिवशी

एसटीच्या एका गाडीत चाळीसेक जण बसतात. सामानासह ५० जणांना दोन फेऱ्या धरा, वर एक टेम्पो. खाटेवरच्या रुग्णांसाठी १०८ ची रुग्णवाहिका. प्रत्येकाला एकच पोतं द्या, त्यावर रंगाने क्रमांक टाका आणि तोच क्रमांक वहीत नावापुढे लिहा. अनेकांची आयुष्यभराची मालमत्ता त्या एका पोत्यात असते. ‘काय कचरा घेऊन चालला’ म्हणत कुणाचं सामान मागे ठेवलं की तो माणूसही मागे राहतो.

दोन काळजीवाहकांपैकी एक पहिल्या फेरीत पुढे जावा आणि व्यवस्थापक शेवटी निघावा. कामाला गेलेल्यांसाठी जुन्या दारावर मोठ्या अक्षरांत नवी जागा आणि फोन नंबर लिहा. वाचता न येणाऱ्यांसाठी शेजारच्या चहावाल्याला सांगून ठेवा.

कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, व्यवस्थापकाच्या अंगावर. क्षयरोग, मानसिक आजार, मधुमेह, फिट्स यांची किमान १५ दिवसांची औषधं आधीच सिव्हिलमधून आणून ठेवा. मानसिक आजाराची गोळी चार दिवस चुकली तर जागा बदलल्याचा ताण वेगळा आणि आजार उसळण्याचा वेगळा, दोन्ही एकदम अंगावर येतात. असा माणूस भर पुरात निघून गेला तर शोधणं कठीण. इन्सुलिन असेल तर नव्या जागी फ्रिज कुठे, ते आधी बघा. एकटं मूल सापडलं तर त्याला निवाऱ्यात ठेवून घेऊ नका. १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकाला कळवा, चोवीस तासांत ते बालकल्याण समितीपुढे गेलं पाहिजे.

रसद तीन दिवसांची स्वतःची ठेवा, पुढची महापालिकेकडून: तांदूळ ३० किलो, डाळ ८ किलो, पोहे ९ किलो, तेल ५ लिटर, १९ किलोचे दोन सिलिंडर. सिलिंडर आणि शेगडी झोपायच्या खोलीबाहेर, सहा किलोची दोन अग्निशामक नळकांडी दाराजवळ. पिण्याचं पाणी माणशी ३ लिटर, म्हणजे २० लिटरचे आठ जार रोज. वापरायला किमान ७५० लिटर लागतातच, पण आंघोळ आणि कपडे धरून २,००० लिटरचा टँकर रोज मागा. पुरात जॅकवेलच (नदीतून पाणी उपसायची विहीर) पाण्यात गेलं तर नळ बंद पडतो, हे लक्षात असू द्या. टँकरच्या पाण्याला ब्लिचिंग टाकून अर्धा तास थांबा आणि मग ओटी (पाण्यातल्या क्लोरीनची) चाचणी करा, रंग पिवळा आला तरच वापरा. गाळातून चालून आलेल्यांचे पाय साबणाने धुवून घ्या, जखमा दाखवून घ्या, आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या पुरानंतरच्या तापाच्या) गोळ्यांबद्दल आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारा.

शेजारी

नव्या जागेच्या आसपास विरोध होतो तो बहुतेक कळवलं नाही म्हणून. दुरुस्तीसाठी जाणार असाल तर आठ दिवस आधी प्रभागातल्या लोकांची अर्ध्या तासाची बैठक घ्या, त्यात सहायक आयुक्त हवेतच. किती माणसं, किती दिवस, रात्री दार किती वाजता बंद होतं, तक्रार कुणाकडे करायची, एवढं सांगा. जवळच्या पोलीस ठाण्यात पत्र द्या. रहिवाशांची भूतकाळातली माहिती मात्र कुणालाही देऊ नका.

पैसा

अभियानात ५० जणांच्या निवाऱ्याला चालवण्यासाठी वर्षाला ६ लाख रुपये धरले होते, म्हणजे महिन्याला ५० हजार. त्यातून व्यवस्थापक आणि काळजीवाहकांचं मानधनच कसंबसं निघतं. गाडी, टँकर, मंडप, जनरेटर यासाठी त्यात जागा नाही. म्हणून हा खर्च संस्थेने आधी करून नंतर बिल टाकायचं, ही पद्धत मान्य करू नका. बिलं अडकतात. वस्तू आणि सेवा महापालिकेनेच थेट पुरवाव्यात असं आदेशात घ्या. नाइलाजाने करावाच लागला तर कुणाच्या सांगण्यावरून केला, त्याचा संदेश त्याच दिवशी ईमेलने पाठवून ठेवा आणि टँकरच्या प्रत्येक फेरीवर चालकाची सही घ्या.

परत येताना

पाणी उतरलं म्हणून लगेच शिरू नका. गाळ ओला असतानाच फावड्याने काढावा, वाळला की दगड होतो. कोपरे काठीने ठोकून बघा, साप असतात. पाण्यात बुडालेल्या कापसाच्या गाद्या टाकून द्या, उन्हात वाळवल्या तरी आतून कुजतात. पाण्याची टाकी आणि हौद घासून ब्लिचिंगने धुवा. वायरिंग परवानाधारक वायरमनकडून तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही, भिंतीतली ओल पंधरा-पंधरा दिवस टिकते. चुना मारून, फवारणी होऊन, अभियंत्याचा दाखला हातात आला की मगच माणसं आणा. आधी धडधाकट, दोन दिवसांनी आजारी.

तात्पुरती जागा सोडताना ती झाडून, तुटलेलं दुरुस्त करून, फोटो काढून परत करा. किती कड्या, किती नळ, किती दिवे होते आणि आहेत याची ताबा पावती दोन प्रतींत करून मुख्याध्यापकांची किंवा सहायक आयुक्तांची सही घ्या. पुढच्या मे महिन्यात त्याच जागेसाठी अर्ज कराल तेव्हा ही पावती सर्वांत वर जोडायची.