कॉलेजला बास्केटबॉल खेळलात आणि आता पोरांना शिकवायचंय? मग हे वाचा

कॉलेज टीमकडून खेळलेल्या माणसाला कुणीतरी विचारतं, आमच्या पोरांना शिकवाल का, आणि तो लगेच हो म्हणून मोकळा होतो, कारण खेळ तर येतोच की. येतो हे खरंय, पण जे येतं त्यातलं निम्मं शब्दांत सांगता येत नाही, घोळ तिथे होतो. लेअप (पळत येऊन रिंगजवळून मारायचा शॉट) मारताना आधी कुठला पाय पडतो ते बसल्या जागी सांगा बघू. बहुतेक जण उठून दोन स्टेप टाकून बघतात आणि मग सांगतात. त्यामुळे पहिल्या प्रॅक्टिसच्या आधी रिकाम्या कोर्टवर एकटे जा, आपल्या रोजच्या मूव्ह अगदी सावकाश करा, पाय कुठे, नजर कुठे, कोपर कुठे ते वहीत उतरवून काढा. कंटाळवाणं काम आहे पण पुढचे सहा महिने यावरच निघतात.

लेअपचंच घेऊ. उजव्या हाताचा म्हणजे उजवा पाय, डावा पाय, डाव्यावरून उडी, उजवा गुडघा वर आणि बॉल रिंगमागच्या बोर्डवरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात, आपल्या बाजूच्या. हे सगळं सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका दमात शिकवलं की काय होतं, पोरगं ड्रिबल करत झकास येतं, रिंगजवळ आल्यावर हडबडतं, चार स्टेप टाकतं आणि चुकीच्या पायावरून उडतं. म्हणून उलटं शिकवा, शेवटाकडून. पोराला रिंगच्या उजव्या बाजूला अगदी जवळ उभं करा, ना ड्रिबल ना पळणं, डाव्या पायावर उभं राहायचं, उजवा गुडघा उचलायचा आणि बॉल बोर्डला लावायचा. त्याला सांगा की उजवा हात आणि उजवा गुडघा एकाच दोरीने बांधलेत असं समज, हात वर गेला की गुडघा आपोआप वर. हे जमलं की एक स्टेप मागे. मग दोन स्टेप, चालत. मग एक ड्रिबल आणि दोन स्टेप. पळत लेअप सगळ्यात शेवटी, आणि तो पहिल्या आठवड्यात आला नाही तरी काही बिघडत नाही. डावा हातही तेव्हाच सुरू करा, नंतर करू म्हटलं की तो कधीच होत नाही (तुमच्याच टीममध्ये डावा हात नुसता लटकवून खेळणारे किती होते ते आठवा).

आता सामान. कॉलेजला मुलं ७ नंबरच्या बॉलने खेळतात आणि मुली ६ नंबरच्या, रिंग ३.०५ मीटरवर. हेच दहा वर्षांच्या पोराच्या हातात दिलं तर ते बॉल कमरेपासून दोन्ही हातांनी उडवणार, कारण एवढं वजन एवढ्या उंचीवर पोचवायला त्याच्याकडे तेवढाच मार्ग आहे. तुम्ही वर ओरडत राहणार, कोपर आत घे, कोपर आत घे. कोपराचा काही दोष नाही हो, बॉल जड आहे. फिबाच्या (बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या) मिनी बास्केटबॉलमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी ५ नंबरचा बॉल आणि २.६० मीटरवर रिंग असते ती याचसाठी. रिंग खाली घेता येत नसेल तर निदान बॉल तरी छोटा आणा आणि शॉट रिंगच्या अगदी जवळून घ्यायला लावा. लांबून मारायची हौस सगळ्यांना असते, थ्री पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून, तीन पॉइंटचा) मारायचाच असतो, पण एका हाताने, खांद्यातून न फेकता जिथून बॉल पोचतो तेवढंच त्या पोराचं अंतर. ताकद वाढेल तसं ते मागे सरकेल.

प्रॅक्टिसमध्ये सगळ्यात जास्त वेळ कशात जातो माहितीये? रांगेत. पंधरा पोरं, एक रिंग, लेअपची एक लाइन, एकाला सहा सेकंद धरले तरी प्रत्येकाचा नंबर दीड मिनिटाने येतो, म्हणजे दहा मिनिटांत सहा-सात शॉट आणि बाकीचा वेळ एकमेकांना ढकलणं, चिमटे काढणं. मग आपण म्हणतो पोरांना शिस्त नाही. कॉलेजला अशा लाइन चालायच्या कारण तिथे सगळ्यांना बेसिक येत होतं आणि रोज दोन तास मिळत होते. इथे लाइन चारपेक्षा लांब होऊ द्यायची नाही. बॉल जास्त आणा, ज्यांना रिंग नाही त्यांना भिंतीवर पासिंग द्या, बाजूच्या लाइनवर ड्रिबल द्या, आणि शक्य तितक्या लवकर वन ऑन वन, टू ऑन टू, थ्री ऑन थ्री वर या. फाइव्ह ऑन फाइव्हमध्ये एखाद्या लाजऱ्या पोराला आख्ख्या गेममध्ये बॉल दोनदा मिळतो, थ्री ऑन थ्रीमध्ये त्याला लपायला जागाच नाही. सव्वा तासाच्या प्रॅक्टिसमध्ये निम्मा वेळ तरी असल्या छोट्या गेममध्ये जायला हवा असं माझं मत आहे. पोरंसुद्धा त्यासाठीच येतात, कोन ठेवून झिगझॅग करायला कुणी येत नाही.

आणि कमी बोला. हे आपल्यासारख्या जुन्या खेळाडूंना फार जड जातं कारण डोक्यात दहा गोष्टी एकदम दिसतात. यूसीएलए विद्यापीठाचे कोच जॉन वुडन यांची टीम १९६४ ते १९७५ या काळात दहा वेळा अमेरिकेची कॉलेज चॅम्पियन झाली. दोन संशोधकांनी त्यांच्या १९७४-७५ च्या सीझनमधल्या प्रॅक्टिस बसून बघितल्या आणि ते काय काय बोलतात ते नोंदवलं, तर भाषणं जवळपास नाहीतच, बहुतेक सगळ्या छोट्या छोट्या सूचना, काय करायचं आणि कसं करायचं. तेवढं पुरतं. शिटी वाजली, एक गोष्ट सांगितली, करून दाखवली, पुन्हा सुरू. करून दाखवताना पण साध्या स्पीडने, तुमचा क्रॉसओव्हर (ड्रिबल करताना बॉल झटकन दुसऱ्या हातात घेणं) किती भारी आहे ते त्यांना कळायची गरज नाही. आणि पोरांमध्ये उतरून त्यांचे शॉट ब्लॉक करणारा कोच बघितला की मला खरंच राग येतो, अरे तो अकरा वर्षांचा आहे.

डिफेन्सला झोन लावू नका, म्हणजे एकेक माणूस न धरता नुसती ठरलेली जागा राखायची. टू-थ्री झोन (पुढे दोन, मागे तीन) लावून लहान पोरांच्या मॅच जिंकता येतात हे मलाही माहितीये, समोरच्यांना लांबून शॉट बसत नाही मग संपलंच. पण त्यात तुमच्या पोरांना माणूस धरायला, पाय सरकवायला, बॉल आणि आपला माणूस दोन्ही एकदम बघायला येत नाही आणि मोठं झाल्यावर ते उघडं पडतं. तसंच उंच पोराला रिंगखाली उभं करून विषय संपवायचा नाही. बारा वर्षांचा सगळ्यात उंच पोरगा सोळाव्या वर्षी सरासरी उंचीचा निघू शकतो, मग त्याला ना ड्रिबल येतं ना बाहेरून शॉट. सगळ्यांनी बॉल आणायचा, सगळ्यांनी पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, खेळायचं. पोझिशन नंतर ठरतील.

रूलबुक मात्र परत वाचा. तुम्ही २०१७ च्या आधी खेळला असाल तर ट्रॅव्हलिंगचा (ड्रिबल न करता जास्त स्टेप टाकण्याचा) तुमचा अंदाज आता चुकणार, फिबाने तो नियम बदललाय. चालत्या पायावर बॉल पकडला तर तो पाय मोजत नाहीत, त्याच्या पुढे दोन स्टेप मिळतात. कोच साइडला उभा राहून ट्रॅव्हल ट्रॅव्हल ओरडतोय आणि रेफरी बरोबर आहे, पोरांसमोर हे बरं दिसत नाही. जमलं तर तुमच्या फेडरेशनचा कोचिंग कोर्स आणि फर्स्ट एड दोन्ही करून टाका.

शरीराबद्दल एवढंच की उडी शिकवता तशी लँडिंग पण शिकवा. दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे वाकलेले, आवाज कमी, आणि गुडघे आत पडू द्यायचे नाहीत, वाढत्या वयाच्या मुलींमध्ये तर याकडे बारकाईने बघाच कारण गुडघ्याच्या एसीएल या लिगामेंटची दुखापत त्यांना मुलांपेक्षा जास्त होते. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखतंय असं पोरगं सांगत असेल तर नाटकं करतोय म्हणू नका, उंची भराभर वाढताना तिथे खरंच दुखतं, उड्या कमी करा आणि डॉक्टरला दाखवायला सांगा. पाण्याचा ब्रेक शिक्षा म्हणून रद्द करायचा नाही, कधीच.

आईवडिलांची मीटिंग पहिल्याच आठवड्यात घ्या, पहिल्या मॅचनंतर घेतली तर ती मीटिंग राहत नाही, भांडण होतं. कुणाला किती खेळायला मिळणार ते तिथेच सांगून टाका. गॅलरीतून पोरांना सूचना द्यायच्या नाहीत हेपण. मेसेज ग्रुपवरच, पोरांना वेगळे पर्सनल मेसेज नाहीत, आणि एकट्या पोराबरोबर बंद हॉलमध्ये थांबायचं नाही, दुसरं मोठं माणूस दिसेल असं बघायचं. यात पोरांची काळजी आहे आणि तुमचीही.

मॅचच्या दिवशी बदल्या घरूनच कागदावर लिहून न्या, कोण कितव्या मिनिटाला आत, कोण बाहेर, कारण स्कोअर टाइट झाला की तुमच्यातला खेळाडू जागा होणार आणि चांगली पाच पोरं शेवटपर्यंत ठेवावीशी वाटणार. टाइमआउटमध्ये आधी पाणी, मग एकच गोष्ट, तीही कालच्या प्रॅक्टिसमध्ये केलेली. नवा प्ले तिथे बोर्डवर काढायला घेतलात तर पोरं मान डोलवतील, हो सर म्हणतील आणि आत जाऊन दुसरंच काहीतरी करतील.