हायब्रिड मेल सेटअप करताय? मग या चुका टाळा

चाकण, वाळूज, अंबड, कुठल्याही एमआयडीसीतल्या मधल्या आकाराच्या कंपनीत बघा, सर्व्हर रूममध्ये मायक्रोसॉफ्टचा जुना मेल सर्व्हर, म्हणजे एक्स्चेंज, चालू असतो, मॅनेजमेंटला क्लाउड हवं असतं आणि सगळे मेलबॉक्स एका फटक्यात हलवायची कोणाचीच तयारी नसते. मग ऑफिसवाले क्लाउडमध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५ वर, प्लांटवाले जुन्या सर्व्हरवर, म्हणजे हायब्रिड. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ दोन्हींचा सपोर्ट संपला, त्यामुळे ज्यांनी चार वर्षं विषय ढकलला त्यांना आता घाई झालीय. घाईत हायब्रिड विझार्ड (दोन्ही बाजू जोडून देणारा मायक्रोसॉफ्टचा सेटअप प्रोग्रॅम) चालवला जातो, टेस्ट मेल जातो, सगळे खूश होतात, आणि मग पंधरा दिवसांनी तक्रारी चालू होतात की अमुकचा मेल तमुकला पोचत नाही, कॅलेंडर दिसत नाही, मीटिंग रूम बुक होत नाही.

या तक्रारी वरून वेगवेगळ्या दिसतात पण खाली जाऊन बघितलं तर बहुतेक वेळा दोनच प्रश्न निघतात. एक, हा पत्ता कुठे राहतो हे दोन्ही बाजूंना माहीत आहे का. दोन, एका बाजूचा मेल दुसऱ्या बाजूला घरचा म्हणून ओळखला जातोय का. ट्रबलशूटिंग करताना हे दोन प्रश्न आधी विचारा, निम्मा वेळ वाचेल.

लायसन्स द्यायची घाई

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एखाद्याचा मेलबॉक्स ऑनप्रेम (कंपनीतल्या) सर्व्हरवर आहे, सिंक (एडी म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, ही कंपनीतली यूझर्सची यादी आपोआप क्लाउडमध्ये उतरवणं) अजून लागलेलं नाही, आणि कोणीतरी क्लाउडमध्ये त्याच नावाचा यूझर हाताने बनवून लायसन्स देऊन टाकतं, कारण साहेबांना टीम्स लगेच हवं असतं. लायसन्समध्ये एक्स्चेंज ऑनलाइन (क्लाउडमधली मेल सेवा) पण असतं, त्यामुळे तिकडे नवाकोरा रिकामा मेलबॉक्स तयार होतो. नंतर सिंक लावलं की दोन्ही अकाउंट जुळतात, पण आता एकाच माणसाचे दोन मेलबॉक्स झाले. क्लाउडवाल्या सहकाऱ्यांनी पाठवलेला मेल क्लाउडच्या मेलबॉक्समध्ये पडतो, प्लांटमधून आलेला जुन्या मेलबॉक्समध्ये, आणि तो माणूस सांगतो की मला अर्धे मेल येतात. बाउन्स येत नाही, एरर दिसत नाही, म्हणून हे लवकर सापडतही नाही.

सुटका आहे पण सावकाश करा. क्लाउडच्या मेलबॉक्समध्ये जे मेल पडलेत ते आधी पीएसटीमध्ये (आउटलुकची मेल साठवायची फाइल) काढून घ्या, मग एक्स्चेंजचं लायसन्स काढा, मग सेट-यूझर कमांडला परमनंटलीक्लिअरप्रीव्हियसमेलबॉक्सइन्फो हा पॅरामीटर लावून जुनी माहिती साफ करा, आणि ऑनप्रेमचा एक्स्चेंज-जीयूआयडी (मेलबॉक्सचा ओळख क्रमांक) सिंक होऊन क्लाउडमध्ये दिसतोय याची खात्री करा. तो दिसत असेल तर लायसन्स परत दिल्यावर दुसरा मेलबॉक्स बनत नाही, क्लाउडला कळतं की याचा मेलबॉक्स ऑनप्रेम आहे. त्यानंतरच मायग्रेशन, म्हणजे मेलबॉक्स क्लाउडला हलवणं. उलटं करू नका, आधी डिलीट आणि मग पीएसटी असं केलं तर त्या पंधरा दिवसांचे मेल गेले समजा.

नव्या जॉइनरच्या बाबतीत याच चुकीचं दुसरं रूप दिसतं. एडीमध्ये अकाउंट केलं, सिंक झालं, लायसन्स दिलं, क्लाउडमध्ये मेलबॉक्स आला, छान. पण ऑनप्रेम एक्स्चेंजला या माणसाबद्दल काहीच माहीत नाही, त्यामुळे प्लांटमधून त्याला मेल टाकला की पत्ता सापडत नाही म्हणून परत येतो. बरोबर पद्धत म्हणजे ऑनप्रेम एक्स्चेंजवरून एनेबल-रिमोटमेलबॉक्स (याचा मेलबॉक्स क्लाउडमध्ये आहे अशी नोंद करणारी कमांड) चालवायचं, मग सिंक, मग लायसन्स. आधीच चूक झाली असेल तरी घाबरायचं कारण नाही, आता एनेबल-रिमोटमेलबॉक्स चालवा आणि क्लाउडचा एक्स्चेंज-जीयूआयडी सेट-रिमोटमेलबॉक्सने इकडे टाका, नाहीतर कधी मेलबॉक्स परत ऑनप्रेम आणायची वेळ आली तर अडकाल.

सिंकच्या आधी अजून दोन गोष्टी बघायच्या. एडीचं डोमेन जर कंपनी डॉट लोकल असं असेल (जुन्या सेटअपमध्ये हमखास असतं) तर आधी अल्टरनेट यूपीएन (लॉगिनचं नाव) सफिक्स जोडा आणि यूझर्सचा यूपीएन मेल आयडीसारखा करा, नाहीतर सगळे लॉगिन ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉमचे होऊन बसतात. आणि ज्यांच्यावर ईमेल अ‍ॅड्रेस पॉलिसीची (पत्ते आपोआप लावणाऱ्या नियमाची) टिक काढलेली आहे अशा यूझर्सना मेल डॉट ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉमचा पत्ता आपोआप लागत नाही, मग मायग्रेशन बॅच नेमकी त्यांच्यावरच फेल होते. अशांची यादी आधीच काढून ठेवा.

अर्धवट सिंक

काही लोक लायसन्स वाचवायचं म्हणून फक्त ऑफिसचं ओयू (एडीतला यूझर्सचा एक विभाग) सिंक करतात. लायसन्सचा आणि सिंकचा संबंध नाही हो, सिंक फुकट आहे, लायसन्स फक्त क्लाउडमधल्या मेलबॉक्सला लागतं. प्लांटचे यूझर्स आणि ग्रुप्स सिंक केले नाहीत तर क्लाउडला ते पत्ते अस्तित्वातच नाहीत. मग क्लाउडमधून मेल टाकला की ५५० ५.१.१० (पत्ता सापडला नाही), आणि एमएक्स (बाहेरून येणारे मेल कुठे द्यायचे ते सांगणारा डीएनएस रेकॉर्ड) क्लाउडकडे वळवलेला असेल तर बाहेरच्या व्हेंडरला ५.४.१ चा नकार. व्हेंडर बिचारा समजतो की आयडी बंद झाला.

यावर नेटवर उपाय सापडतो की क्लाउडमध्ये डोमेनचा प्रकार ऑथोरिटेटिव्हवरून (सगळे पत्ते इथेच आहेत) इंटर्नल रिले (इथे न सापडलेला पत्ता दुसऱ्या बाजूला पाठवा) करा. तात्पुरतं चालतं, पण ऑनप्रेमला पण कोणीतरी इंटर्नल रिले करून ठेवलं असेल तर न सापडणारा पत्ता इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहतो आणि शेवटी ५.४.१४ येतो, म्हणजे लूप. एक बाजू तरी ऑथोरिटेटिव्ह हवीच. आणि खरा उपाय पूर्ण सिंक हाच. डायनॅमिक डिस्ट्रिब्युशन ग्रुप (ज्यांचे सदस्य नियमावरून ठरतात) मात्र सिंक होतच नाहीत, त्यांच्यासाठी क्लाउडमध्ये त्याच पत्त्याचा मेल कॉन्टॅक्ट करावा लागतो.

दोन्हींच्या मधे तिसरं कोणी नको

ऑनप्रेम एक्स्चेंज आणि क्लाउड एकमेकांना पोर्ट २५ वर टीएलएसने (एन्क्रिप्टेड जोडणीवर) मेल देतात, आणि सर्टिफिकेट बघून ठरवतात की समोरचा आपलाच आहे. मधे अँटिस्पॅम गेटवे ठेवला, किंवा फायरवॉलमध्ये एसएमटीपी इन्स्पेक्शन (मेलच्या ट्रॅफिकची तपासणी) चालू राहिलं, की ही ओळख पुसली जाते. मेल पोचतो, हे लक्षात घ्या, म्हणून वाटतं सगळं ठीक आहे. पण तो बाहेरच्याचा मेल म्हणून पोचतो. मग कंपनीतल्याच माणसाच्या मेलवर बाहेरचा मेल असल्याची सूचना लागते, मीटिंग रूम रिक्वेस्ट प्रोसेस करत नाही, सुट्टीवर गेलेल्याचा बाहेरच्यांसाठी लिहिलेला रिप्लाय आतल्यांना जातो, आणि फक्त आतल्यांसाठी असलेल्या ग्रुपवर मेल टाकला की ५.७.१३३ चा नकार येतो.

तपासायला सोपं आहे. दुसऱ्या बाजूला पोचलेल्या मेलचे हेडर उघडा आणि एक्स-एमएस-एक्स्चेंज-ऑर्गनायझेशन-ऑथअ‍ॅज शोधा. इंटर्नल लिहिलं असेल तर ठीक, अ‍ॅनॉनिमस असेल तर मधे कोणीतरी हात घालतंय. टेलनेटने पोर्ट २५ ला कनेक्ट करून बॅनर बघा, २२० नंतर नुसत्या चांदण्या दिसल्या तर सिस्को फायरवॉलचं ईएसएमटीपी इन्स्पेक्शन चालू आहे, ते या ट्रॅफिकसाठी बंद करायला नेटवर्कवाल्याला सांगा.

हाच त्रास सर्टिफिकेट रिन्यू केल्यावरही होतो, आणि हा यापुढे वाढणार आहे. सेल्फ साइन्ड चालत नाही, पब्लिक सीएचंच (सर्टिफिकेट देणारी मान्यताप्राप्त संस्था) लागतं. सेंड कनेक्टर आणि रिसीव्ह कनेक्टरमध्ये (मेल पाठवायच्या आणि घ्यायच्या मार्गांचं सेटिंग) सर्टिफिकेटचा इश्युअर आणि सब्जेक्ट लिहिलेला असतो. नवीन सर्टिफिकेटचा इश्युअर बदलला, नुसतं इंटरमीजिएट बदललं तरी, ती ओळ जुळत नाही आणि मेल क्यूमध्ये तुंबतात. नवीन सर्टिफिकेट टाकायचं, त्याला एसएमटीपी सर्व्हिस द्यायची, दोन्ही कनेक्टर अपडेट करायचे किंवा हायब्रिड विझार्ड परत चालवायचा, आणि सगळ्यात शेवटी जुनं काढायचं. आधी वर्षातून एकदा हे काम असायचं. १५ मार्च २०२६ पासून पब्लिक सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस, म्हणजे हे पायरीपायरीने लिहून ठेवलं नाही तर दर काही महिन्यांनी तीच आग विझवत बसाल.

सेंट्रलाइज्ड ट्रान्सपोर्टची टिक

विझार्डमध्ये हा ऑप्शन दिसतो आणि नाव भारी वाटतं म्हणून लोक टिक करतात. याचा अर्थ क्लाउडमधल्या माणसाचा बाहेर जाणारा प्रत्येक मेल आधी तुमच्या सर्व्हर रूममध्ये येणार आणि तिथून बाहेर जाणार. गुरुवारी महावितरणचं शटडाउन, यूपीएस संपला, लीज लाइन पडली, की मुंबईच्या हॉटेलात बसलेल्या सेल्सवाल्याचा पण मेल अडकला. मग क्लाउड कशासाठी घेतलं? ऑडिट किंवा कस्टमरची तशी लेखी अट असेल तरच हे लावा. एमएक्स ऑनप्रेम ठेवण्याचंही तेच, आणि ठेवायचाच असेल तर क्लाउडमध्ये कनेक्टर्ससाठीचं एन्हान्स्ड फिल्टरिंग चालू करा, नाहीतर क्लाउडला प्रत्येक मेल तुमच्याच आयपीवरून आल्यासारखा दिसतो आणि एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं याची तपासणी) फेल होतो.

डीएनएस

डोमेनला एसपीएफ रेकॉर्ड एकच असतो. क्लाउडचा नवा टाकला आणि जुना तसाच ठेवला तर दोन्ही निकामी. मायक्रोसॉफ्टचा इन्क्लूड, ऑफिसचा स्टॅटिक आयपी, ईआरपी बाहेरून मेल पाठवत असेल तर त्याचा, पगारपत्रकं पाठवणाऱ्या सर्व्हिसचा, सगळं एकाच ओळीत, आणि डीएनएस लुकअप १० च्या वर जायला नकोत. डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) क्लाउडमध्ये स्वतःच्या डोमेनसाठी चालू करावं लागतं, डीएनएसमध्ये दोन सीनेम रेकॉर्ड टाकून. ऑनप्रेम एक्स्चेंजला डीकेआयएम सही करताच येत नाही, म्हणून माझं मत असं की प्लांटचे बाहेर जाणारे मेल पण क्लाउडमधूनच बाहेर काढा. हे सगळं नीट व्हायच्या आधी डीमार्क (या तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड) एकदम रिजेक्टवर नेऊ नका, नन ठेवून रिपोर्ट बघा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल मोठ्या प्रमाणात पाठवणाऱ्यांकडून हे तिन्ही मागतं.

आतला डीएनएस विसरू नका. कंपनीचं डोमेन एडी सर्व्हरवर पण झोन म्हणून असेल तर बाहेर टाकलेला रेकॉर्ड आतून दिसणार नाही, तिथे वेगळा टाकावा लागतो. घरून चालतं, ऑफिसात चालत नाही अशी तक्रार आली की पहिलं इथे बघा.

ऑटोडिस्कव्हर (आउटलुकला मेलबॉक्स कुठे आहे ते शोधून देणारी सोय) शेवटचा मेलबॉक्स हलेपर्यंत ऑनप्रेमकडेच ठेवा. ऑनप्रेम सर्व्हर क्लाउडवाल्याला पुढे पाठवतो, क्लाउड उलट पाठवत नाही.

स्कॅनर, सीसीटीव्ही, टॅली यांच्यासाठीचा रिले कनेक्टर पण तपासा. पूर्ण लॅनची रेंज टाकलेली असते, मग एका पीसीला व्हायरस लागला की तुमचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये. फक्त त्या मशीनचे आयपी टाका.

साहेब आणि सेक्रेटरी एकाच बॅचमध्ये

मेलबॉक्स हलवताना डिपार्टमेंट बघू नका, कोण कोणाचा मेलबॉक्स वापरतं ते बघा. फुल अ‍ॅक्सेस दोन बाजूंमध्ये चालतो, पण सेंड अ‍ॅज (दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवायची परवानगी) आपोआप येत नाही, तो दोन्हीकडे हाताने द्यावा लागतो. अकाउंट्सचा शेअर्ड मेलबॉक्स आणि तो वापरणारे सगळे एकत्र हलवा. महिनाअखेर, जीएसटी रिटर्नच्या तारखा टाळा.

कॅलेंडर अचानक दिसेनासं झालं तर

प्लांटवाल्यांना क्लाउडवाल्यांचं फ्री-बिझी (कोण कधी मोकळं आहे) दिसत नसेल आणि हायब्रिड जुनं असेल तर आधी डेडिकेटेड हायब्रिड अ‍ॅप बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये सीव्हीई-२०२५-५३७८६ ही सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली, ऑनप्रेम सर्व्हरचा अ‍ॅडमिन ताबा मिळवणारा माणूस तिथून क्लाउडमध्ये शिरू शकतो कारण दोन्हीकडे एकच सर्व्हिस प्रिन्सिपल (प्रोग्रॅमची क्लाउडमधली ओळख) वापरलं जात होतं. त्यामुळे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ अखेर तो जुना मार्ग कायमचा बंद केला. सर्व्हर अपडेट करून डेडिकेटेड अ‍ॅप बनवा आणि जुन्या सर्व्हिस प्रिन्सिपलवरच्या की साफ करा. ते झालेलं असूनही अडत असेल तर सर्व्हरचं घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर फरक असेल तर टोकन चालत नाही.

शेवटचा सर्व्हर काढताना

सगळे मेलबॉक्स गेले, आता सर्व्हर अनइन्स्टॉल करू, असं करू नका. सिंक चालू आहे तोपर्यंत यूझरचे मेल पत्ते एडीतूनच बदलतात आणि त्यासाठी एक्स्चेंजची टूल्स लागतात. एक्स्चेंज २०१९ च्या सीयू १२ या अपडेटपासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, मॅनेजमेंट टूल्स वेगळ्या मशीनवर टाकून शेवटचा सर्व्हर बंद करून ठेवता येतो. बंद करायचा, अनइन्स्टॉल नाही, कारण अनइन्स्टॉल केल्यावर एडीतली हायब्रिडला लागणारी माहिती पण जाते. आणि चालू ठेवणार असाल तर एक्स्चेंज एसई (सबस्क्रिप्शन एडिशन) वर न्या, जुना पॅच नसलेला सर्व्हर क्लाउडला मेल द्यायला लागला की मायक्रोसॉफ्ट आधी त्याचे मेल हळू करतं आणि नंतर अडवतं.

बंद करण्याआधी लॉग काढून घ्या. मेल हरवला की आपण क्लाउडमध्ये मेसेज ट्रेस, इकडे मेसेज ट्रॅकिंग लॉग आणि कनेक्टरचा प्रोटोकॉल लॉग बघतो, पण ऑनप्रेमचे हे लॉग डिफॉल्टला ३० दिवसच राहतात आणि क्लाउडचा ट्रेस ९० दिवस. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश १८० दिवसांचे लॉग भारतात ठेवायला सांगतात आणि सायबर घटना ६ तासांत कळवायला सांगतात, म्हणून ऑनप्रेमची मुदत वाढवा, प्रोटोकॉल लॉगिंग व्हर्बोज करा आणि क्लाउडचे लॉग बाहेर काढून साठवायची सोय पहिल्या मेलबॉक्सच्या मायग्रेशनआधीच लावा.